बॅलन्स ट्रान्सफरमध्ये माझे जवळजवळ नऊ हजार वाचले, पण एफडीवाली आयडिया जमत नाही

मे महिन्यात घराचं छप्पर काढलं. फोंड्यात पाऊस सुरू झाला की मग कोणी गवंडी कौलांवर चढत नाही त्यामुळे जे काय करायचं ते मे मध्येच. वासे तीन कुजलेले निघाले, रीप सगळे बदलावे लागले, गवंड्याची मजुरी कॅश दिली आणि सामान मात्र क्रेडिट कार्डावर घेतलं, सगळं मिळून 82,000. वाटलं होतं दोन महिन्यांत फेडू. नाही झालं. जून जुलै ऑगस्ट तिन्ही महिने मी फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरत राहिले आणि मनात समाधान की चला, बिल वेळेवर जातंय, लेट फी नाही.

तीन महिन्यांत 12,000 च्या वर भरले आणि बाकी किती राहिली? 80,000. हे मला दादाने दाखवलं. माझा चुलत दादा डिचोलीला एका पतसंस्थेत आहे, चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान घेऊन आला होता, मी सहज स्टेटमेंट दाखवलं तर त्याने कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावरच हिशोब मांडला. महिन्याला 3.5 टक्के म्हणजे 80,000 वर 2,800 व्याज. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 504. झाले 3,304. मिनिमम ड्यू 5 टक्के म्हणजे 4,000. "बाय, तू चार हजार भरतेस त्यातले सातशेसुद्धा मुद्दलात जात नाहीत बघ." खरंच 696 येत होते. मी ते पान अजून ठेवलंय, कपाटात.

आणि वर्षाचं धरलं तर हे 42 टक्के होतात, कर वेगळा. दादा म्हणाला पूर्वी ग्राहक आयोगाचा 2008 चा एक निकाल होता की कार्डावर 30 टक्क्यांच्या वर व्याज नको, पण सुप्रीम कोर्टाने तो डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. म्हणजे तो आधारही गेला, आता आपलं आपणच बघायचं.

मला दुसऱ्या एका बँकेचं कार्ड होतं, फारसं न वापरलेलं, त्यांचे फोन येतच असायचे बॅलन्स ट्रान्सफर करा म्हणून, म्हणजे जुन्या कार्डाची बाकी कमी व्याजात त्यांच्या कार्डावर आणायची. मी दर वेळी कट करायची. त्या आठवड्यात फोंडा बसस्टँडवर वेर्ण्याच्या बसची वाट बघत होते तेव्हा परत आला, या वेळी घेतला. 6 महिने, महिन्याला 0.99 टक्के, प्रोसेसिंग फी 1 टक्का. दादाने आधीच सांगून ठेवलं होतं की एकच गोष्ट पहिली विचार, फ्लॅट की रिड्युसिंग. कारण फ्लॅट असेल तर सहा महिने पूर्ण 80,000 वरच व्याज लागतं, म्हणजे 4,752, आणि रिड्युसिंग असेल तर उरलेल्या मुद्दलावरच लागतं, म्हणजे 2,795. आकडा तोच 0.99 आणि फरक जवळजवळ दोन हजारांचा!! फोनवाल्याने रिड्युसिंग सांगितलं, मी म्हटलं मेलवर पाठवा, मेल आल्यावरच हो म्हटलं.

आता पूर्ण खर्च सांगते. ईएमआय 13,799. व्याज 2,795, त्यावर जीएसटी 503, फी 800 आणि तिच्यावर जीएसटी 144. एकूण 4,242. सरासरी काढली तर महिन्याला 14,000 च्या आसपास. हेच 14,000 मी जुन्या कार्डावर भरत राहिले असते तर सातवा महिना लागला असता आणि व्याज व कर मिळून 13,000 च्या वर गेले असते. म्हणजे जवळजवळ 9,000 वाचले. कौलं परतायची गवंड्याची मजुरी निघाली त्यातून.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, ती नीट वाचा. नव्या बँकेने पैसे जुन्या कार्डावर टाकले, बाकी शून्य दिसली, मी ते ॲप उघडायचंच बंद केलं. पुढच्या स्टेटमेंटला 1,195 रुपये. मी घाबरले, वाटलं काहीतरी चुकीचं लावलंय. चुकीचं नव्हतं, स्टेटमेंट निघालं त्या तारखेपासून पैसे पोचले त्या दिवसापर्यंत 11 दिवस गेले होते त्याचं व्याज होतं, रोजचे 92 रुपये आणि वर जीएसटी. ते स्टेटमेंट मी बघितलं नसतं तर एवढ्याशा रकमेवरून लेट फी आणि सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीला, डाग. आणि पैसे ट्रान्सफर व्हायला काही दिवस लागतात, तेवढ्यात जुन्या कार्डाची ड्यू डेट आली तर मिनिमम भरूनच टाका, नंतर ॲडजस्ट होतं. ड्यू डेट उलटून तीन दिवसांच्या वर गेले तरच लेट फी लावता येते आणि थकबाकी कळवता येते असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण त्या तीन दिवसांच्या भरवशावर राहू नये असं माझं मत.

आणि ज्या कार्डावर ट्रान्सफर घेतलंय ते सहा महिने घासायचं नाही, अजिबात. बाकी चालू असताना नवीन खरेदीला बऱ्याच कार्डांवर बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून पूर्ण दराने व्याज लागतं. मी ते कार्ड आईच्या डब्यात ठेवलं, दागिन्यांच्या. चवथीला सगळं कॅशने घेतलं, फटाके कमी, नेवऱ्या घरच्या, काही बिघडलं नाही.

आता ते एफडीवालं. ऑफिसमध्ये एकाने सांगितलं की 0 टक्के 3 महिनेवाली ऑफर घ्यायची, लाखाचं बिल तिकडे ढकलायचं आणि आपले लाख रुपये एफडीत ठेवायचे, फुकटचा नफा. मी बसून हिशोब केला. फी 2 टक्के म्हणजे 2,000, जीएसटी 360, गेले 2,360. लाखावर 7 टक्क्यांनी 3 महिन्यांचे 1,750, आणि तीन महिन्यांच्या एफडीला 7 मिळणं तसंही कठीण. 610 रुपये तोटा. फी नसेल तर दोन पैसे सुटतील, पण अशी ऑफर मला तरी आलेली नाही.

मात्र दादाने एक केस सांगितली जिथे खरंच जमतं. त्यांच्या पतसंस्थेचा एक सभासद म्हापशाच्या बाजारात दुकान चालवतो, त्याचं 14 टक्क्यांचं ओव्हरड्राफ्ट आहे, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कर्ज. त्याच्या कार्डाचं लाखाचं बिल त्याने याच 0 टक्केवाल्या ऑफरमध्ये टाकलं आणि बिलासाठी ठेवलेले लाख ओव्हरड्राफ्टमध्ये भरले. तिथे 3 महिन्यांचे 3,500 वाचले, इथे 2,360 गेले, हातात 1,140. पैसा एफडीत ठेवण्यापेक्षा महागड्या कर्जावर टाकला तर सुटतो असा तो मामला आहे. पण तिसऱ्या महिन्याच्या शेवटी लाख रुपये तयार पाहिजेत, एक तारीख चुकली की लेट फीमध्ये ते 1,140 जातात. दुकानदाराची उलाढाल रोजची आहे, त्याला जमलं. पगारावर जगणाऱ्या माणसाने एवढ्यासाठी जीव टांगणीला लावू नये असं मला वाटतं.

माझा शेवटचा हप्ता फेब्रुवारीत गेला. जुनं कार्ड बंद करावं की ठेवावं यावर घरात बरीच चर्चा झाली (बंद करा म्हटल्यावर 7 कामाच्या दिवसांत बंद केलं नाही तर पुढे रोजचे 500 रुपये बँकेने द्यायचे, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम). पण ते माझं सगळ्यात जुनं कार्ड, म्हणून ठेवलं आणि लिमिट कमी करून घेतली. हप्त्याचे 14,000 जायची सवय झाली होती तर मार्चपासून त्यातले 6,000 दादाच्या पतसंस्थेत आरडीला लावलेत, मागच्या पडवीचं छप्पर अजून राहिलंय.

शेजारच्या काकूंच्या मुलाचं कार्डावर 1,20,000 झालंय, तोही मिनिममच भरतोय. रविवारी स्टेटमेंट घेऊन येणार आहे. त्याला ऑफर आलीये 1.2 टक्क्यांची, 12 महिने. मी त्याला मेसेज टाकलाय, येण्याआधी फोन करून फ्लॅट की रिड्युसिंग ते विचार आणि मेलवर घे.