रॉर्क्स ड्रिफ्टची ११ मेडल्स आणि आपल्या ओळखीचा बार्टल फ्रिअर

पुणे विद्यापीठाची मेन बिल्डिंग बघितलीय ना, ती उंच टॉवरवाली? ती बांधायला घेतली तेव्हा मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता सर बार्टल फ्रिअर. मुंबईतला पी. डिमेलो रोड पण आधी फ्रिअर रोडच होता. आणि त्याच्याही आधी हा गडी साताऱ्याला रेसिडेंट, १८४८ मधे आप्पासाहेब महाराज वारले तेव्हा दत्तक मान्य करा असं वर कळवणारा हाच, पण डलहौसीने काही ऐकलं नाही, राज्य खालसा झालं आणि मग तिथला कमिशनर म्हणून कारभार बघायला बसला तोही हाच.

तर हा फ्रिअर साठीच्या आसपास दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर म्हणून गेला आणि तिथे त्याने लंडनला न जुमानता एक अख्खं युद्ध लावून दिलं, रॉर्क्स ड्रिफ्टची लढाई त्यातलीच. ११ डिसेंबर १८७८ ला झुलूंचा, म्हणजे तिथल्या एका आफ्रिकन राज्याच्या लोकांचा राजा सेट्शवायो याला निर्वाणीचा खलिता, त्यात मुख्य अट ही की तुझी सैन्यव्यवस्था मोडून टाक, मुदत ३० दिवस. म्हणजे राजाने गादीवर बसून फक्त टाळ्या वाजवायच्या. कुठलाही राजा हे मान्य करणार नाही हे फ्रिअरला पक्कं ठाऊक होतं, लंडनचे मंत्री नको नको म्हणत होते पण केपला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत फ्रिअर होता तिथे, थेट तार नव्हती, पत्र यायला आठवडे लागायचे, त्यामुळे उत्तर येईपर्यंत काम उरकून घेऊ असा सरळ हिशोब. साताऱ्यात दत्तकाच्या बाजूने बोलणारा हाच का तो, असा प्रश्न मला तरी पडतो.

११ जानेवारी १८७९ ला ब्रिटिश सेनापती लॉर्ड चेम्सफर्ड फौज घेऊन झुलूलँडमधे घुसला आणि २२ तारखेला इसांडलवानाच्या डोंगराखाली त्याच्या कँपचा पार धुव्वा उडाला. चेम्सफर्ड स्वतः अर्धी फौज घेऊन भलतीकडेच झुलूंना शोधत फिरत होता आणि इकडे वीसेक हजार झुलू कँपवर येऊन धडकले. १३०० च्या वर माणसं मेली, त्यात शेकडो आफ्रिकन शिपाई पण होते जे ब्रिटिशांच्या बाजूने लढत होते आणि ज्यांची नावं कोणी घेत नाही.

त्याच दिवशी दुपारनंतर तिथून काही मैलांवर नदीकाठी रॉर्क्स ड्रिफ्ट नावाच्या मिशनवर दुसरी लढाई झाली आणि सगळं जग लक्षात ठेवतं ती ही. दीडशेच्या आत-बाहेर माणसं, त्यात बरेचसे आजारी, समोर तीन-चार हजार झुलू. डाल्टन नावाचा जुना रिटायर्ड सार्जंट तिथे कोठीचं काम बघायला होता, तो म्हणाला आजाऱ्यांना बैलगाडीत घालून उघड्यावर निघालो तर वाटेतच गाठतील, इथेच थांबू. मग मक्याची पोती आणि बिस्किटांची लाकडी खोकी रचून भिंत केली.

हॉस्पिटलमधे काय झालं ते मात्र नीट सांगायला पाहिजे. ते म्हणजे मिशनऱ्याचं राहतं घर, गवताचं छप्पर, आणि खोल्या अशा की काही खोल्यांतून आत जायला दारच नाही, दार थेट बाहेर, म्हणजे झुलूंकडेच उघडतं. छपराला आग लागली. हेन्री हूक आणि जॉन विल्यम्स हे दोन साधे प्रायव्हेट, एकाने मधल्या भिंतीला कुदळीने भोक पाडायचं आणि दुसऱ्याने संगीन घेऊन दार अडवायचं, मग पेशंटला त्या भोकातून पलीकडे ओढायचं, पुढच्या खोलीत परत तेच. धूर, अंधार, हूकच्या डोक्याला भाल्याची जखम. दुसऱ्या खोलीत रॉबर्ट जोन्स आणि विल्यम जोन्स यांनी सातपैकी सहा जण बाहेर काढले, सातवा सार्जंट मॅक्सफील्ड तापाच्या भ्रमात होता, हलायलाच तयार नाही, त्याला न्यायला परत गेले तोवर बिछान्यातच भोसकलेला. हे शौर्य नाही असं कोण म्हणेल, मी तरी म्हणणार नाही.

सकाळी झुलू निघून गेले. ब्रिटिशांचे १७ गेले, झुलूंची साडेतीनशेच्या वर प्रेतं मोजली, आणि जे झुलू जखमी होऊन पडले होते त्यांना नंतर ठार मारलं. हे शौर्याच्या गोष्टीत सहसा कोणी सांगत नाही.

मग मेडल्स. ११ व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्यासाठीचं ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं पदक, त्यातले ७ एकट्या २४ व्या रेजिमेंटला. इसांडलवानाची नाचक्की झाकायला कायतरी चांगली बातमी हवीच होती, सरकारलाही आणि चेम्सफर्डलाही. जनरल वुल्झली नंतर तिथे कमांडर म्हणून आला, त्यानेच हूकला आणि रॉर्क्स ड्रिफ्टचा कमांडर लेफ्टनंट चार्ड याला आपल्या हाताने क्रॉस लावला आणि डायरीत मात्र लिहिलं की पळायला जागाच नव्हती म्हणून लढले त्यांना कसले हिरो करताय. एवढं तोडून बोलायची गरज नव्हती खरं तर.

इसांडलवानातून पलटणीचं निशाण वाचवायला निघालेले मेल्व्हिल आणि कॉगहिल हे दोन ऑफिसर नदीपाशी मारले गेले, त्यांना तेव्हा काही मिळालं नाही कारण मेलेल्याला व्हिक्टोरिया क्रॉस द्यायची पद्धत नव्हती. मिळाला १९०७ मधे. आणि आपल्या हिंदी शिपायांना तर १९११ पर्यंत हा क्रॉस मिळायची सोयच नव्हती, आणि आपल्याकडच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची नावं येतात ती थेट दुसऱ्या महायुद्धात, इटलीत.

युद्धात असलेल्या सगळ्यांना चांदीचं साउथ आफ्रिका मेडल. मला ते जास्त बोलकं वाटतं. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला झुडपापाशी वाकलेला सिंह, त्याखाली झुलूंची ढाल आणि भाले, आणि कडेवर शिपायाचा नंबर, नाव, पलटण कोरलेली. ज्यांना मारलं त्यांचीच ढाल छातीवर. झुलूंची स्वतःची पण पद्धत होती, लढाईत शत्रूला मारणाऱ्या वीराला लाकडी मण्यांची माळ घालायचा मान, तिला इझिकू म्हणतात.

पुढे या ११ जणांचं काय झालं? साध्या शिपायाला क्रॉसबरोबर वर्षाला १० पौंड पेन्शन, त्यात काय होणार. विल्यम जोन्सने पैशापायी क्रॉस गहाण टाकला. फ्रेड हिच, ज्याचा खांदा गोळीने चक्काचूर झालेला, तो लंडनमधे टांगा हाकत होता आणि त्याचा क्रॉस चोरीला गेला. शीस नावाचा स्विस पोरगा, त्याला कामच मिळेना, १८८४ मधे इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरच वारला, वय २८, समुद्रातच सोडला. त्याच वर्षी सेट्शवायो गेला आणि फ्रिअर पण, फ्रिअरला मात्र सेंट पॉल कॅथेड्रलमधे जागा मिळाली.

चार्डच्या क्रॉसची गोष्ट तर भारीच आहे. १९७२ मधे स्टॅनली बेकर नावाच्या नटाने, ज्याने या लढाईवरच्या ‘झुलू’ सिनेमात चार्डचंच काम केलेलं, लिलावात चार्डचं साउथ आफ्रिका मेडल घेतलं आणि त्याच्याबरोबर क्रॉसची नक्कल म्हणून विकायला ठेवलेला एक तुकडा आला. बेकर १९७६ मधे वारला, तोवर तो नक्कलच समजला जात होता. १९९० च्या दशकात धातूची तपासणी झाली तेव्हा कळलं की अरे हा तर ओरिजिनल आहे.