पट्टी चुकली म्हणून लिहिलेली ‘प्रतवारी’

उन्हाळ कांद्याची आवक ऐन भरात असताना एका व्यापाऱ्याच्या मुनीमजींचा फोन आला. “मॅडम, या शेतकऱ्याने आमच्याकडून उचल घेतलेलीच नाही आणि तुमच्या पट्टीवर दोन हजार वजा झालेत. माणूस माझ्यासमोर उभा आहे, त्याला काय सांगू?” अंबडजवळच्या आमच्या कार्यालयात आम्ही सहा जण आहोत आणि नाशिक जिल्ह्यातील कांदा व्यापाऱ्यांसाठी हिशेबाची प्रणाली बनवतो, वजन, भाव, हमाली, तोलाई, उचल आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी निव्वळ रक्कम एवढे त्या पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या कागदावर, असते. मुनीमजींना हाताने दुसरी पट्टी करून द्यायला सांगून मी प्रोग्राम उघडला.

दोष सापडायला दीड दिवस लागला, कारण आमच्या संगणकावर पट्टी प्रत्येक वेळी बरोबरच निघत होती. पट्टी तयार करणाऱ्या फंक्शनला (प्रोग्रामच्या तुकड्याला) कपातींची यादी दिली नाही तर त्याने रिकामी यादी धरावी, असे कोणीतरी (बहुधा मीच) लिहिले होते. पायथॉन या आमच्या प्रोग्रामिंग भाषेत अशी मूळ किंमत फंक्शन प्रथम वाचले जाते तेव्हा एकदाच तयार होते, प्रत्येक वेळी नव्याने नाही. त्यामुळे सर्व्हर सुरू असेपर्यंत तीच एक यादी सर्वांच्या वाट्याला येत राहिली आणि एका शेतकऱ्याची उचल तिच्यात पडली की ती पुढच्या शेतकऱ्याच्या पट्टीवर उतरली. सकाळी सर्व्हर नव्याने सुरू झाल्यावर पहिली पट्टी निर्दोष निघायची. आम्ही चाचणी घेताना नेमकी तेवढी पहिलीच पट्टी पाहत होतो.

हा दोष पकडणारी साधने नाहीत असे मुळीच नाही. प्रोग्राम न चालवता त्याचा मजकूर तपासण्याची कल्पना जुनी आहे. बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली सी भाषेसाठी ‘लिंट’ हे साधन लिहिले, आणि कपड्याला चिकटलेले बारीक धागे वेचावेत तसे दोष वेचायचे म्हणून त्याला ते नाव दिले. पायथॉनसाठी पायलिंट आहे, फ्लेक-एट आहे, अलीकडे अतिशय वेगवान असे रफ आहे. मी पायलिंट आमच्या जुन्या प्रोग्रामवर चालवले तेव्हा यादीचा हा दोष त्याने अचूक दाखवला, पण ओळ फार लांब आहे, नाव फार आखूड आहे, वर्णन लिहिलेले नाही अशा काही हजार सूचनांच्या ढिगात. नको त्या सूचना बंद करता येतात हे मला ठाऊक होते, आणि आज कोणी विचारले तर तयार साधन नीट बसवून घ्या असाच सल्ला मी देईन. परंतु आमच्या हिशेबाचे काही नियम कोणत्याच तयार साधनात नव्हते, म्हणून मोजकेच नियम असलेले आपलेच छोटे साधन लिहायचे ठरवले. कांद्याच्या बाजारातले नाव म्हणून त्याला ‘प्रतवारी’ म्हटले.

पहिला प्रयत्न सांगायला थोडी लाज वाटते. मी फाइल ओळीओळीने वाचून बरोबरच्या चिन्हापुढे रिकामा चौकोनी कंस आहे का एवढेच शोधत होते. तो शेरा-टिप्पणीत सापडला, अवतरणातल्या मजकुरात सापडला, साध्या निर्दोष ओळींत सापडला. आणि जिथे फंक्शनची व्याख्या तीन ओळींत पसरली होती तिथे मात्र ओळखता आला नाही. मजकूर म्हणून प्रोग्राम तपासण्याची ही वाट सोडून पायथॉनचे एएसटी हे मॉड्यूल घेतले. ते प्रोग्रामची रचना झाडाच्या रूपात हाती देते: हे फंक्शन, त्याच्या या मूळ किमती, त्यांतली ही यादी. मग नियम पंधरा-वीस ओळींत बसला.

दुसरा नियम पैशांचा. तोलाईचा दर क्विंटलला १० रुपये ७० पैसे धरला तर २५ किलोचे २.६७५ रुपये होतात. कोणताही मुनीम ते २.६८ लिहील, परंतु पायथॉनची साधी दशांश संख्या दोन स्थळांपर्यंत पूर्णांकित केली की २.६७ मिळतात, कारण संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत २.६७५ ही संख्या तंतोतंत साठवताच येत नाही आणि प्रत्यक्षात किंचित लहान संख्या साठवली जाते. त्यासाठी डेसिमल हा वेगळा प्रकार वापरायचा, आणि तोही अर्ध्या पैशाला नेहमी वर न्यायचे असे स्पष्ट बजावून. नाहीतर त्याची स्वतःची रीत जवळच्या सम अंकाकडे जाण्याची आहे. हिशेबाच्या फोल्डरमध्ये साधी दशांश संख्या दिसली की ‘प्रतवारी’ने अडवावे, एवढाच नियम केला.

खरा वेळ गेला तो मराठीने घेतला. दोष दाखवताना ती ओळ छापून नेमक्या जागेखाली बाण काढावा असे मला वाटत होते. ज्या ओळीत ‘कांदा’ हा शब्द आधी येई, तिथे बाण बरोबर दहा घरे पुढे जाई. कारण सापडले तेव्हा गंमत वाटली: एएसटी जो स्तंभक्रमांक देते तो अक्षरांचा नसून यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतील बाइटचा असतो. ‘कांदा’ म्हणजे क, काना, अनुस्वार, द, काना अशी पाच चिन्हे आणि प्रत्येकी तीन असे पंधरा बाइट. हिशेब दुरुस्त करून बाइटऐवजी चिन्हे मोजली, तरी बाण चुकायचाच, कारण वाचणाऱ्याला ‘कांदा’ दोनच अक्षरांचा दिसतो आणि काना-मात्रांना किती जागा द्यायची हे प्रत्येक टर्मिनल (सूचना छापणारी खिडकी) आपल्या मर्जीने ठरवते. तीन दिवसांनंतर मी बाणाचा नाद सोडला आणि दोष असलेला तुकडाच अवतरणात छापू लागले. दिसायला साधे, पण चुकत नाही.

त्याहून चिवट निघाले ते ‘शेतकऱ्याचे नाव’. पट्टीवरील रकान्यांची मराठी नावेच आम्ही प्रोग्राममध्ये किल्ली म्हणून, म्हणजे माहिती शोधण्याचे नाव म्हणून, वापरतो, आणि एका अहवालात शेतकऱ्याचे नाव कोरे येत होते. दोन्ही फाइलींतले शब्द शेजारी ठेवून पाहिले तर तंतोतंत सारखे. फरक होता तो पडद्यावर न दिसणारा. ‘शेतकऱ्याचे’मधला हा मराठीतला आडवा रफार दोन प्रकारे लिहिला जातो: एकतर ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन त्याला हलन्त जोडायचा, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक. मी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर लिहिते, तिथे ‘ऱ’ची स्वतंत्र कळ आहे, माझ्या सहकाऱ्याचा फोनेटिक कीबोर्ड दुसरा प्रकार उमटवत होता. युनिकोडचे प्रमाणीकरण (एकाच अक्षराचे वेगवेगळे लेखन एकसारखे करणे) केले तरी हे दोन प्रकार एक होत नाहीत.

मी घाईने नियम केला की अदृश्य चिन्ह दिसले की दोष. त्याला एक सबळ कारणही होते. प्रोग्राममध्ये अदृश्य चिन्हे दडवून वाचणाऱ्याला फसवता येते हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले होते. पण दुसऱ्या दिवशी त्या सहकाऱ्याच्या एकेका फाइलवर तीस-चाळीस दोष निघाले, ते सगळे शुद्ध मराठीत लिहिलेल्या निरुपद्रवी सूचनांमधले होते, आणि तो शांतपणे म्हणाला, “मी मराठी लिहिणे हाच दोष आहे का?” त्याचे म्हणणे रास्त होते. आता नियम इतकाच आहे की छापायच्या मजकुरात जोडक चालेल, किल्लीत चालणार नाही. आणि लेखनाची दिशा उलटवणारी चिन्हे कुठेच चालणार नाहीत. एवढे ठरवायला आठवडा लागला, लिहायला एक दुपार.

साधन पूर्ण झाले असे मला वाटत असताना आमचे सर्वांत जुने सहकारी, जे स्वतः फारसे बोलत नाहीत, त्यांनी ते चालवून पाहिले आणि विचारले, “नेमके २५६ दोष सापडले तर काय होईल, सांग बरं?” मी संपताना सापडलेल्या दोषांची संख्याच निर्गमन-संकेत (प्रोग्राम संपताना संगणकाला कळवतो तो आकडा) म्हणून परत देत होते. लिनक्समध्ये तो संकेत आठ बिटांचा असतो, म्हणजे ० ते २५५; २५६ चे शून्य होते, आणि शून्याचा अर्थ ‘सर्व ठीक’. दोनशे छप्पन दोष असलेला प्रोग्राम बिनबोभाट पुढे गेला असता. आता दोष नसल्यास शून्य, असल्यास एक आणि साधनच अडखळल्यास दोन, असे तीनच संकेत आहेत.

गिटमध्ये (प्रोग्राममधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) बदल नोंदवण्यापूर्वी ‘प्रतवारी’ आपोआप चालावी अशी सोय केली, आणि ती फक्त बदललेल्या फाइली तपासते, कारण वेळ लागला की लोक तपासणी टाळण्याचा पर्याय शोधतात. मीही शोधला असता. ही सोय प्रोग्रामच्या नव्या प्रतीबरोबर आपसूक जात नाही हे नव्याने आलेल्या मुलीच्या संगणकावर कळले.

जुन्या दोषांची एक नोंदवही ठेवली आहे, म्हणजे त्यांपायी आजचे काम अडत नाही, पण नवा दोष आत येत नाही. आधी ती नोंद ओळक्रमांकाने ठेवली होती. वर एक कोरी ओळ घातली की खालचे सगळे जुने दोष नवे ठरत. आता ओळीचा मजकूरच नोंदतो. वहीत अजून एकसष्ट दोष शिल्लक आहेत. त्यांतले एकोणीस छपाईच्या एकाच फाइलमध्ये आहेत, ज्या फाइलला आमच्यापैकी कोणीही आनंदाने हात लावत नाही. लाल कांद्याची आवक सुरू होण्याआधी ती मी अंगावर घेतली आहे.