शेंदराखालचे वर्तुळ : भुलेश्वर रांगेतील मोजणीच्या खुणांची यंदाची नोंद

एकोणिसाव्या शतकातील त्रिकोणी मोजणीच्या डोंगरमाथ्यांवर कोरलेल्या खुणा शोधण्याचे दिवाळीनंतर सुरू केलेले काम होळीच्या आठवडाभर आधी थांबवले. या हंगामात सिंहगडापासून पूर्वेला पुरंदरच्या अंगाने पसरलेल्या भुलेश्वर रांगेवर आणि तिच्या दक्षिणेकडे उतरणाऱ्या सोंडांवर मी अकरा वेळा चढलो आणि सात माथे बारकाईने पाहिले. त्यांपैकी एका ठिकाणी खात्रीची आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ खात्रीची खूण मिळाली. गेल्या वर्षीच्या नोंदीत जो एक चौथरा मी ‘निश्चित’ म्हणून लिहिला होता, तो मोजणीचा नव्हता असे आता सिद्ध झाले आहे. त्या नोंदीच्या भरवशावर एक-दोघे तेथे जाऊनही आले असल्यामुळे तो तपशील आधी देणे मला आवश्यक वाटते.

त्यापूर्वी एक खुलासा करतो. माथ्यांची नावे आणि अक्षांश-रेखांश मी जाहीरपणे लिहीत नाही. जुन्या घडीव दगडावर काही कोरलेले दिसले की त्याखाली गुप्तधन आहे असे मानून रात्रीतून खोदणारे लोक आपल्याकडे आजही आहेत. रांगेच्या पूर्व टोकाकडील एका माथ्यावर मला यंदा कंबरभर खोल ताजा खड्डा आणि त्याच्या कडेला फुटलेला घडीव चिरा मिळाला. त्या चिऱ्यावर खूण होती की नव्हती हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ज्यांना खरोखर काम करायचे आहे, त्यांना भारतीय सर्वेक्षण विभागाचा ४७ एफ/१५ हा नकाशा आणि जुनी स्थानकवर्णने, म्हणजे मोजणीच्या प्रत्येक जागेची छापील वर्णने, पुरेशी आहेत.

नव्याने या छंदाकडे वळलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. विल्यम लॅम्बटनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात पायारेषा मोजायला घेतली आणि पुढे ‘ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कामाची सुरुवात झाली. एक रेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजायची आणि तिच्यावर उभे केलेल्या त्रिकोणांचे केवळ कोन मोजत शेकडो मैल पुढे सरकायचे, अशी ती पद्धत होती. लॅम्बटन नागपूरला जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या हिंगणघाटला वारला आणि त्याची कबरही तेथेच आहे. त्यानंतर काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. प्रत्येक त्रिकोणाचा प्रत्येक शिरोबिंदू जमिनीवर कायमचा राहावा म्हणून माथ्याच्या मूळ कातळावर एक वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी एक बिंदू कोरत, त्यावर खांब बांधत आणि खांबाच्या वरच्या दगडावर खालच्या बिंदूच्या बरोबर ओळंब्यात पुन्हा तीच खूण कोरत. मधला खांब भोवतीच्या चौथऱ्यापासून सुटा ठेवण्याची रीत होती, कारण निरीक्षक चौथऱ्यावर हलला तरी खांबावरच्या थिओडोलाइटला, म्हणजे कोन मोजण्याच्या यंत्राला, धक्का लागता कामा नये. काम संपल्यावर त्यावर दगडांचा ढीग रचून स्थानक झाकले जाई आणि गावच्या अंमलदारांकडे सांभाळायला दिले जाई.

आपण शोधतो ते हेच वर्तुळ आणि हाच बिंदू. बाकीचे सर्व, म्हणजे चौथरा, ढीग, चुन्याचे तुकडे, हे केवळ तिथपर्यंत नेणारे माग आहेत, आणि माझी गेल्या वर्षीची चूक मागालाच खूण समजण्याची होती. तो चौथरा चौरस होता, दगड घडीव होते, माथाही उंच होता, आणि तेवढ्यावर मी निष्कर्ष काढला. यंदा जानेवारीत गवत पूर्ण वाळल्यावर त्याच धारेवर दोन्ही बाजूंना चालत गेलो, तेव्हा ठरावीक अंतरावर तशाच बांधणीचे आणखी चार बुरुज मिळाले आणि एकावर पुसट झालेला क्रमांकही होता. ते वनहद्दीचे बुरुज आहेत. हद्दीच्या खुणा नेहमी रांगेने असतात, त्रिकोणीकरणाचे स्थानक एकटे असते. म्हणून कोणताही चौथरा मिळाला की त्याच्यापाशी बसण्याआधी धारेवर दोन्हीकडे किमान अर्धा किलोमीटर चालावे, हा नियम मी आता स्वतःला घालून घेतला आहे.

दुसरा गोंधळ तलचिन्हांचा होतो. ‘जी. टी. एस.’ (ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे) आणि ‘बी. एम.’ (बेंच मार्क, म्हणजे तलचिन्ह) ही अक्षरे व मध्ये छोटा चौकोन असलेला दगड दिसला की अनेकांना त्रिकोणीकरणाचे स्थानक मिळाल्यासारखे वाटते. पण ती खूण उंचीची आहे. भारतात तलमापनाचे, म्हणजे जागांची उंची मोजत जाण्याचे, काम १८५८ साली सुरू झाले. पुढे मुंबई आणि कारवार धरून नऊ बंदरांवरील सरासरी समुद्रसपाटीशी ते जोडले गेले. तलमापनाची ओळ चालण्यास सोप्या वाटेने जाते, त्यामुळे ही चिन्हे पुलांवर, रस्त्याकडेला, देवळांच्या आणि सरकारी इमारतींच्या जोत्यांवर सापडतात. त्यांचा शोध हाही चांगलाच छंद आहे, मात्र त्यासाठी डोंगर चढावा लागत नाही.

आता आपल्या काळ्या पाषाणाविषयी, कारण यंदा सर्वांत जास्त वेळ त्यानेच घेतला. दख्खनच्या बेसाल्टमध्ये वायूच्या पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरी खनिजे भरलेली असतात. ते खनिज झडून गेले की मागे इतका नेटका गोल खळगा राहतो की तो छिन्नीने पाडला असावा असे वाटते. शिवाय हा दगड कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि त्यातून गोल कडा तयार होतात. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर वर्तुळात बिंदू असा तंतोतंत भास होतो. नोव्हेंबरमध्ये अशा एका दगडापाशी मी दोन तास घालवले. फरक ओळखण्याची माझी रीत अशी आहे की उन्हे वर येण्याआधी, सकाळी सात-साडेसातच्या तिरप्या प्रकाशात दगड पाहायचा, आणि ते जमले नाही तर दगडावर चादर धरून सावली करायची व विजेरी जमिनीलगत आडवी ठेवायची. छिन्नीच्या घळीत एकामागून एक बसलेले टोले दिसतात, घळीची रुंदी सगळीकडे सारखी असते, आणि बोट फिरवले तर कड हाताला लागते. नैसर्गिक कड कुठे तरी पातळ होऊन विरून जाते. दगडावर खडू किंवा चुना चोळू नये आणि तारेचा ब्रश तर मुळीच वापरू नये. मऊ कुंचला आणि बाटलीतले पाणी पुरते.

स्थानकवर्णनांच्या बाबतीत एक ठोकर खाल्ली, ती इतरांनी खाऊ नये म्हणून लिहितो. सर्वेक्षणाच्या जुन्या खंडांमध्ये प्रत्येक स्थानक कोणत्या गावच्या शिवारात आहे, कोणत्या परगण्यात किंवा तालुक्यात आहे, आणि भोवतालची गावे कोणत्या दिशेला किती मैलांवर आहेत हे दिलेले असते. गावांची नावे कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली असल्यामुळे ‘ड’च्या जागी ‘र’ येणे, ‘ळ’चा ‘ल’ होणे आणि शेवटची ‘ई’ गळणे गृहीत धरून ती मोठ्याने वाचावी लागतात. कानाला गाव लवकर ओळखू येते, डोळ्याला येत नाही. शेजारच्या स्थानकाकडे जाणाऱ्या रेषेचा दिगंशही, म्हणजे दिशेचा कोनही, तेथे दिलेला असतो. मी तो उत्तरेपासून मोजला आणि डिसेंबरचे दोन रविवार रांगेच्या नेमक्या उलट बाजूच्या सोंडेवर घालवले. त्या काळी या सर्वेक्षणात दिगंश दक्षिणेपासून पश्चिमेकडून मोजत असत. म्हणजे दक्षिण शून्य, पश्चिम ९०, उत्तर १८० आणि पूर्व २७०. आकडा बरोबर आणि डोंगर नाहीसा, अशी अवस्था कोणाची झाली असेल तर प्रथम १८० अंश फिरवून पाहावे.

तसेच जुन्या नकाशावरील अक्षांश-रेखांश थेट फोनमध्ये टाकून तेथेच खोदल्यासारखे शोधत बसू नये. जुने नकाशे एव्हरेस्टच्या १८३० च्या लंबगोलावर, म्हणजे त्याने मानलेल्या पृथ्वीच्या आकारावर, आधारलेले आहेत आणि फोन डब्ल्यूजीएस-८४ हा वेगळा, आधुनिक आकार वापरतो, त्यामुळे बिंदू सरकतो. नवे ‘ओपन सीरीज’ नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वरच असल्यामुळे आधी जुन्या नकाशावरचा त्रिकोण, म्हणजे स्थानकाचे चिन्ह, कोणत्या समोच्च रेषेत बसतो ते पाहून, तीच रेषा नव्या नकाशावर ओळखून मग चढावे, हे मला अधिक भरवशाचे वाटते.

खात्रीची खूण मिळाली ती माघात. माथ्यावर पाच-सहा पावलांचा सपाट कातळ, त्याच्या पश्चिमेला विस्कटलेला दगडांचा ढीग, आणि ढिगाच्या पोटात शेंदूर फासलेला एक दगड. समोर फुटलेले नारळ, वाळलेली झेंडूची माळ आणि कोणी तरी ठेवलेली चिल्लर होती. खालच्या पदरात ज्यांचा वाडा असतो ते एक म्हातारे धनगर मेंढरे घेऊन वर आले होते. मी बूट काढून लांबच बसलो आणि त्यांना विचारले.

“आबा, हा देव कोणता?”

“म्हसोबा म्हनत्यात. आमच्या आज्ज्याच्या टायमापासनं हाय.”

“या माळाला काही नाव आहे का?”

“दिव्याचा माळ.”

हे नाव ऐकल्यावर मला फार आनंद झाला, हे लपवत नाही. धुरळ्याच्या दिवसांत दूरची स्थानके दिसावीत म्हणून एव्हरेस्टने रात्री दिवे लावून आणि दिवसा आरशाने सूर्यप्रकाश फेकून निरीक्षणे घेण्याचा परिपाठ घातला होता. परंतु नवरात्रात किंवा कार्तिकात माथ्यावर दिवा लावण्याची प्रथा आपल्याकडे कितीतरी डोंगरांवर आहे, आणि नाव तेथूनही आलेले असू शकते. म्हणून पुराव्यांच्या यादीत ते मी घेतलेले नाही.

शेंदूर खरवडण्याचा प्रश्नच नव्हता. ते त्यांचे दैवत आहे, आणि तो दगड आज जागेवर आहे तो त्या शेंदरामुळेच, असे मला मनापासून वाटते. खोदणाऱ्यांचा हात देवाच्या दगडाला सहसा लागत नाही. मी आबांना वर्तुळाविषयी सांगितले, कुंचला दाखवला आणि कडेची माती झाडण्याची परवानगी मागितली. त्यांनी स्वतः नारळाची करवंटी बाजूला केली. शेंदराचे थर दक्षिणेकडून जाड होते, उत्तरेकडची बाजू मात्र पावसाने बरीच धुतलेली होती. तेथे विजेरी आडवी धरल्यावर चार बोटे रुंदीच्या वर्तुळाचा साधारण तिसरा हिस्सा स्वच्छ दिसला, सारख्या रुंदीची घळ आणि तिच्यात छिन्नीचे बारीक टोले. मध्यावर शेंदूर किंचित दबलेला होता, बाजरीच्या दाण्याएवढा. आबांनी त्यावर बोट ठेवून पाहिले आणि म्हणाले, “व्हय, खळगी हाय.” मी फोटो काढले, मापे घेतली आणि आम्ही दोघांनी दगड पुन्हा होते तसे लावले.

दुसऱ्या माथ्यावर मात्र वर्तुळ दिसत नाही, फक्त चुन्यातले चौरस जोते आहे आणि त्याच्या मधोमध सुट्या खांबाचा बुंधा. ते एकटे आहे, दोन्ही बाजूंच्या धारेवर बुरुज नाहीत. हे स्थानकच आहे का, हे ठरवण्यासाठी आम्ही जुनाच उपाय केला. त्रिकोणाची दोन टोके एकमेकांना दिसलीच पाहिजेत. या दोन माथ्यांमधील सरळ अंतर नकाशावर सुमारे १८ किलोमीटर येते आणि मध्ये एक खांदा आडवा आहे. एवढ्या अंतरावर पृथ्वीच्या वक्रतेमुळेच समोरचा माथा सुमारे २५ मीटर खाली गेलेला असतो, त्यामुळे नुसत्या नकाशावर पट्टी ठेवून उत्तर मिळत नाही.

फाल्गुनाच्या सुरुवातीच्या एका शनिवारी मी दिव्याच्या माळावर थांबलो आणि माझा भाचा तळहाताएवढा आरसा घेऊन त्या जोत्यावर गेला. आधी तो जोत्याच्या दक्षिणेला, त्याच माथ्यावरच्या दुसऱ्या, थोड्या उंच टेपाडावर उभा राहिला, कारण मोजणी करणाऱ्यांनी उंच जागा सोडून खालची का निवडली हा माझा मुख्य आक्षेप होता. तेथून त्याने दहा मिनिटे आरसा फिरवला. मला काहीही दिसले नाही, दुर्बिणीतूनही नाही. मधला खांदा आड येत होता. मग तो जोत्यावर आला. नऊ वाजून वीस मिनिटांनी खांद्याच्या उजव्या कडेला लागून, धुरकट निळ्या डोंगरावर, शुक्राच्या चांदणीएवढा पांढरा ठिपका लागला, विझला आणि पुन्हा लागला. नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

मी फोन लावला, तर तिकडून त्याचाच प्रश्न आला, “मामा, दिसलं का?” मी त्याला आरसा तसाच धरून ठेवायला सांगितले आणि होकायंत्राने दिशा घेतली. ती चुंबकीय फरक वजा करून आणि १८० अंश फिरवून जुन्या खंडातील दिगंशाशी एका अंशाच्या आत जुळली. हातातल्या होकायंत्राकडून याहून अधिक अपेक्षा करता येत नाही.

जोत्याखालच्या कातळावर मूळ वर्तुळ असणार, असा माझा अंदाज आहे. ते पाहण्यासाठी बुंधा हलवावा लागेल आणि ते आम्ही करणार नाही. कार्तिकात गवत कापले गेले की त्याच जोत्यावरून तिसऱ्या शिरोबिंदूकडे आरसा धरायचा आहे. तो माथा नीरेच्या खोऱ्यापलीकडे आहे आणि तेथे अजून मी चढलेलो नाही. भाच्याने त्यासाठी मधोमध भोक असलेला मोठा आरसा करून घेतला आहे.