साठ पोती आणि आठ पोती : माझ्या श्रवणतपासणीचा अनुभव

इचलकरंजीतील एका यंत्रमाग कारखान्यात मी एकतीस वर्षे दिवाणजी म्हणून काम करीत आहे. सुताची आवक, तागे, कामगारांची मजुरी हा सगळा हिशेब माझ्याच हाताने वहीत उतरतो. दोन वर्षांपूर्वी सुताच्या व्यापाऱ्याने फोनवर ‘साठ पोती पाठवतो’ असे सांगितले आणि मी ‘आठ’ लिहिले. टेम्पो दारात उभा राहिला, तेव्हा माल उतरवायला जागा रिकामी केलेली नव्हती. मालक काहीही बोलले नाहीत, पण मान खाली घालण्याची वेळ माझ्यावर प्रथमच आली होती.

त्याच आठवड्यात मी एका श्रवणयंत्राच्या दुकानात गेलो. रस्त्यालगतच्या खोलीत हेडफोन लावून दहा मिनिटांत तपासणी उरकली. सरासरी ३४ डेसिबल, म्हणजे ‘सौम्य’ श्रवणदोष, आणि डावा कान जास्त खराब असल्यामुळे त्याच कानाला मशीन, असे मला सांगण्यात आले. ते लावल्यावर माझाच आवाज मला रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येई, भांड्यांचा खणखणाट असह्य होई, आणि माणसांचे शब्द मात्र पूर्वीइतकेच पुसट राहत. तीन आठवड्यांत ते मशीन कपाटात गेले.

वर्षभराने पत्नीच्या आग्रहावरून मी मिरजेतील एका श्रवणतज्ज्ञ मॅडमची वेळ घेतली. त्यांनी फोनवरच दोन सूचना दिल्या. आदल्या दिवशी दुपारपासून कारखान्यात जाऊ नका, कारण गोंगाटात राहिलेला कान काही तास थकलेला असतो आणि त्या अवस्थेतील मोजमाप खरे येत नाही; आणि घरात ज्यांच्याशी सर्वांत जास्त बोलता, त्यांना सोबत घेऊन या.

पहिला पाऊण तास त्यांनी कोणत्याही उपकरणाला हात लावला नाही. “काका, तुम्हाला नेमके कुठे ऐकू आलेले हवे आहे?” एवढेच त्यांनी विचारले. मी म्हणालो, फोनवर. त्यावर फोन कोणाचा असतो, त्या वेळी माग चालू असतात का, फोन कोणत्या कानाला धरता, असे प्रश्न आले. उजव्या हाताने लिहायचे असल्यामुळे फोन नेहमी डाव्या कानाला असतो, ही गोष्ट मी स्वतःसुद्धा कधी लक्षात घेतली नव्हती. ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय श्रवण प्रयोगशाळेत तयार झालेली आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत असल्याचे त्यांनी सांगितले : रुग्णाने स्वतःच्या शब्दांत जास्तीत जास्त पाच प्रसंग सांगायचे, त्यांचा महत्त्वानुसार क्रम लावायचा, आणि उपचारानंतर त्याच प्रसंगांवर फरक तपासायचा. माझ्या कागदावर चार प्रसंग आले : व्यापाऱ्याचा फोन, पंख्याखाली बसलेल्या नातीचे बोलणे, स्वयंपाकघरातून येणारी पत्नीची हाक, आणि एकादशीच्या भजनात टाळांच्या आवाजात बुवांनी सांगितलेले अभंगाचे चरण.

मग त्यांनी पत्नीला विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मी यांना स्वयंपाकघरातून हाक मारणे दोन वर्षांपूर्वीच सोडून दिले आहे. पाहुण्यांनी यांना काही विचारले, की उत्तर मीच देते.” हे मला ठाऊक नव्हते. घर शांत झाले आहे एवढेच मला जाणवत होते. त्या शांततेचे कारण मी आहे, हे त्या खोलीत मला पहिल्यांदा कळले. त्यानंतर त्यांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली मराठीत वाचून दाखवली. ‘हो’ला चार गुण, ‘कधी कधी’ला दोन, ‘नाही’ला शून्य. ऐकू येत नसल्यामुळे तुम्ही कोणाकडे जाणे टाळता का, या प्रश्नाला मी ‘हो’ म्हणालो, तेव्हा माझा आवाज जड झाला होता.

तपासणीची सुरुवात कानात डोकावून झाली. डाव्या कानात मळाचा घट्ट खडा होता आणि तो कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून काढून घेतल्यावरच पुढचे काम सुरू झाले. दुकानात माझा डावा कान ‘जास्त खराब’ ठरला होता, तो या मळामुळे. कानाच्या पडद्याची हालचाल हवेच्या दाबाने तपासली गेली, तीही व्यवस्थित निघाली.

ध्वनिरोधक खोलीत जाण्यापूर्वी मॅडमनी विचारले, की कानात सतत काही वाजते का. रात्री रातकिड्यांसारखी किर्र ऐकू येते, असे मी सांगितल्यावर त्यांनी सलग स्वराऐवजी तुटक तुटक वाजणारा स्वर लावला, म्हणजे आतला आवाज कोणता आणि यंत्राचा कोणता, हे मला ओळखता यावे. खालच्या पट्टीतील २५० पासून वरच्या पट्टीतील ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर झाल्यावर कानामागच्या हाडावर कंपक ठेवून पुन्हा मोजणी झाली. दोन्ही मोजण्या जुळल्या, म्हणजे बिघाड आतल्या कानातच होता. ऑडिओग्रामवर, म्हणजे कोणत्या पट्टीचा स्वर किती मोठा केल्यावर ऐकू येतो हे दाखवणाऱ्या आलेखावर, उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या ५०० हर्ट्झला १५ डेसिबलवर होत्या, २००० ला ३५ वर आल्या, ४००० ला थेट ६५ पर्यंत घसरल्या आणि ८००० ला पुन्हा थोड्या वर आल्या. ४००० वरची ही खाच मागांच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसांमध्ये बऱ्याचदा दिसते. सरासरी काढली, की ती खाच झाकली जाते आणि कागदावर ‘सौम्य’ एवढाच शब्द उरतो. आमच्या खात्यातील कितीतरी जॉबर (मागांची देखभाल करणारे) आणि कामगार याच शब्दावर समाधान मानून घरी बसले असतील, या विचाराने मला आजही वाईट वाटते.

शांततेत ऐकवलेल्या पंचवीस मराठी शब्दांपैकी तेवीस मी बरोबर सांगितले. मागे अनेकांच्या बोलण्याचा गलबला सोडल्यावर अकराच. बोलण्यातील ‘अ’, ‘आ’, ‘ओ’ असे स्वर हे खालच्या पट्टीत असतात, तर ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ यांची ओळख वरच्या पट्टीतून होते, असे मॅडमनी आलेखावर बोट ठेवून दाखवले. ‘साठ’मधला ‘स’ गळला, की ‘आठ’ उरतो. त्यात साध्या फोनवरून साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज पोहोचतो, त्यामुळे चूक होण्यास दुहेरी कारण होते. हे सगळे एकतीस वर्षांनी मला समजले.

नवे मशीन घ्या, असे त्या म्हणाल्या नाहीत. कपाटातले मशीन मी सोबत नेले होते. कानात बारीक नळी सरकवून त्यांनी पडद्याजवळ पोहोचणारा आवाज मोजला. मला चांगले ऐकू येणाऱ्या खालच्या पट्टीत मशीन आवाज वाढवत होते आणि ४००० ला जवळजवळ काहीच देत नव्हते. त्यांनी माझ्या आलेखाप्रमाणे ते पुन्हा बसवले, कानात बसणाऱ्या बंद टोपीच्या जागी हवा खेळती ठेवणारी टोपी लावली, आणि बॅटरी माझ्याच बोटांनी चार वेळा घालून-काढून घेतली. दुसऱ्या कानासाठी मशीन घेतल्यास गलबल्यात जास्त मदत होईल, हे त्यांनी सांगितले. निर्णय मात्र माझ्यावर सोपवला, आणि मी तो अद्याप घेतलेला नाही. फोनवर आकडा सुटा करून परत म्हणायचा, ‘साठ, म्हणजे सहा-शून्य’, ही सवय त्यांनी तिथेच बसवून माझ्याकडून करून घेतली. पत्नीला सांगितले, की हाक मारण्याआधी यांच्या समोर या.

महिन्याने तोच चार प्रसंगांचा कागद पुन्हा टेबलावर आला. फोनच्या ओळीत मी ‘खूप सुधारणा’ लिहिले, नातीच्या ओळीत ‘थोडी’, भजनाच्या ओळीत ‘फरक नाही’. स्वयंपाकघरातील हाक आता किती वेळा ऐकू येते, यावर मी शंभरपैकी पंच्याहत्तर म्हणालो आणि पत्नी पन्नास म्हणाली. मॅडमनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवले आणि पुढची तारीख दिली.