तुम्ही विचारलंत म्हणून: लॉक असताना एवढे नियम कशाला?

"लॉक लावला की झालं ना? मग रस्टचा कम्पायलर एवढा छळतो कशाला?" रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी, म्हणजे थ्रेडनी, एकाच डेटाला एकदम हात घालू नये म्हणून लॉक लावायला हवा हे सगळ्यांनाच कळतं. कुठला लॉक कुठल्या डेटाचा, हे मात्र सी++मध्ये बहुधा कमेंटमध्ये लिहिलेलं असतं, आणि कमेंट कम्पायलर वाचत नाही. रस्टमध्ये डेटा म्यूटेक्सच्या, म्हणजे लॉकच्या, आतच असतो. लॉक घेतल्याशिवाय हाती लागत नाही. 'आरसी' (एकाच डेटाचे अनेक मालक मोजणारा पॉइंटर) दुसऱ्या थ्रेडला देता येत नाही, हाही आडमुठेपणा नव्हे. त्याचा रेफरन्स काउंट, म्हणजे मालकांची संख्या, साध्या बेरजेने वाढतो: वाचा, एक मिळवा, लिहा. दोन थ्रेडनी एकाच वेळी ३ वाचला तर दोघंही ४ लिहितात, मालक मात्र पाच. पुढे काउंट वेळेआधीच शून्यावर येतो आणि वापरातली मेमरी मोकळी होते. 'आर्क' हा त्याचा थ्रेडमध्ये वाटता येणारा भाऊ हीच बेरीज एका अखंड पावलात, म्हणजे अ‍ॅटॉमिक करतो, म्हणून थोडा महाग पडतो.

मग हे नियम बिनचूक आहेत? नाहीत, आणि २०१५चा प्रसंग इथे सांगायलाच हवा. तेव्हा 'थ्रेड स्कोप्ड' नावाची सोय होती. नवा थ्रेड फंक्शनचे लोकल व्हेरिएबल उसने घ्यायचा, तुमच्या हाती एक गार्ड यायचा, आणि तो ड्रॉप होताना, म्हणजे वापर संपून नष्ट होताना, थ्रेड संपेपर्यंत थांबायचा. सगळी भिस्त डिस्ट्रक्टर, म्हणजे ड्रॉप होतानाचा हा कोड, चालण्यावर. पण गार्ड एकमेकांना धरून ठेवणाऱ्या आरसींच्या चक्रात अडकवला की तो कधीच ड्रॉप होत नाही, आणि यासाठी 'अनसेफ'चा (कम्पायलरच्या काही तपासण्या सैल करणाऱ्या खुणेचा) एक शब्दही लागत नाही. फंक्शन परततं, स्टॅकची (लोकल व्हेरिएबल ठेवायच्या मेमरीची) ती जागा दुसऱ्याच्या कामाला लागते, थ्रेड तिथेच लिहीत बसतो. १.० आवृत्ती काही आठवड्यांवर आली असताना हे लक्षात आलं आणि सोय मागे घेतली गेली. ती 'थ्रेड स्कोप' म्हणून परतली ती थेट २०२२मध्ये, १.६३ आवृत्तीत. आता तुम्ही क्लोजर (निनावी फंक्शन) देता आणि स्कोप स्वतःच सगळे थ्रेड संपल्याशिवाय परतत नाही. गार्डवर काही अवलंबूनच नाही.

"कम्पाइल झालं म्हणजे थ्रेडची काळजी मिटली," असं मी पूर्वी बेधडक म्हणायचो. आता म्हणताना अडखळतो. लॉक घेऊन शिल्लक वाचली, लॉक सोडला, पुन्हा लॉक घेऊन रक्कम वजा केली: मधल्या फटीत दुसरा थ्रेड शिरतो आणि कम्पायलर हूं की चूं करत नाही. डेडलॉकही, म्हणजे थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट बघत कायमचे अडकणं, तसाच नजरेतून सुटतो. अ‍ॅटॉमिकवर आधी लोड (वाचणं), मग स्टोअर (लिहिणं) केलंत तरी वाढ हरवतेच. तिथे दोन्ही एकाच पावलात करणारं फेच-अ‍ॅडच हवं. हेही भाषेनेच पकडावं का? पकडायला गेलं तर आणखी किती नियम लागतील, आणि तेव्हा मी तिची अशीच बाजू घेईन का, सांगता येत नाही.