दमयंती आपल्या विदर्भाची

आज कौंडिण्यपूरला, विदर्भाच्या जुन्या राजधानीच्या गावी, जाणं झालं. वर्धेकाठी रुक्मिणीबद्दल सगळे भरभरून बोलतात, दमयंतीचं नाव मात्र क्वचितच निघतं. वाईट वाटतं. महाभारताच्या वनपर्वातली ही विदर्भकन्या, नवरा नळराजा सोडून गेल्यावर अर्ध्या वस्त्रानिशी एकटी रान तुडवत निघाली. अजगराच्या तावडीतून सुटली, ज्या तांड्याचा आसरा घेतला तो रात्री रानहत्तींनी चिरडला. तरी चेदीच्या राजवाड्यात कामाला राहताना तिची अट काय? उष्टं खाणार नाही, कुणाचे पाय धुणार नाही! वा रे पोरी!

रात्री पुतणीला हे सांगितलं. ती मधेच म्हणे, "काका, मंग तिनं नवऱ्याले काई इचारलं नाई?"

विचारलं ना! झोपलेल्या निरपराध बायकोला रानात टाकून जाणारा माणूस कधी पाहिलास का, असं तोंडावर विचारलं.