आयज ना, फाल्यां यो

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी पहाटे साडेपाचला दाराची कडी वाजली. पुण्याचा भाचा. रात्रभर गाडी हाकत चोर्ला घाट उतरून डिचोलीला आलेला, डोळे तांबडे. मामीच्या काळजात धस्स झाले. तिला वाटले, माझ्या बहिणीचे काही कमीजास्त झाले. तो म्हणाला, "तसं काही नाही गं मामी. एक बियर निघालीय."

घरात नातू झाला, अशा सुरात.

बार्देशातल्या कुणा छोट्या बियरवाल्याने दुप्पट हॉप्स, म्हणजे बियरला वास आणि कडवटपणा देणारी फुले, घालून एकच घाणा काढला होता. मोजके डबे, संपले की संपले. पुण्याला तो जाणार नव्हता. गोव्यातही ठरावीक दुकानांतच, आणि माणशी दोन. मी म्हणालो, अरे, पुण्यात २००९ साली दूलालीची बियरभट्टी निघाल्यापासून तुम्हांला ताज्या बियरची कमी ती काय? तर त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की मी गुपचूप चहा ठेवायला आत गेलो.

चहाबरोबर माझी शिकवणी सुरू झाली. बेल्जियममध्ये सेंट सिक्स्टस नावाचा मठ आहे. तिथले साधू बियर गाळतात, वेस्टव्लेटेरेन तिचे नाव. मठ चालण्यापुरतीच गाळायची, जास्त नाही, मग जगाने कितीही डोके आपटो. पूर्वी ती घ्यायची तर फोन करून नंबर लावावा लागे. फोन लागता लागत नसे. लागलाच तर गाडीचा नंबर सांगायचा, दिलेल्या वेळेला मठाच्या दारात हजर व्हायचे आणि लाकडी खोका घेऊन निघायचे. परत विकायची नाही, असे वचनही द्यायचे. २०१९पासून हे सगळे ऑनलाइन झाले म्हणे. कित्येक वर्षे त्या बाटलीवर लेबलसुद्धा नव्हते; कुठली बियर ते टोपणाच्या रंगावरून ओळखायचे. हे सांगताना भाच्याचा आवाज ज्ञानोबांच्या समाधीचे वर्णन करावे तसा खाली आला.

मग कॅलिफोर्निया. तिथल्या रशियन रिव्हर नावाच्या ब्रूअरीत वर्षातून एकदाच, दोनेक आठवड्यांपुरती एक बियर मिळते, २००५पासून. नाव 'प्लिनी द यंगर', म्हणजे धाकटा प्लिनी. लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात, परदेशातून विमानाने येतात. थोरला प्लिनीही आहे, पण तो बारा महिने मिळतो, म्हणून त्याला कमी मान.

आता रोमन इतिहास मी शाळेत तीस वर्षे शिकवला आहे, तेव्हा इथे मला तोंड फुटले. म्हटले, थोरला प्लिनी धाकट्याचा कोण लागत होता, ठाऊक आहे? मामा! सख्खा. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा मामा जहाज घेऊन तिकडे गेला. निघताना भाच्याला विचारले, येतोस का? भाचा म्हणाला, नको, मला अभ्यास आहे. मामा तिकडेच गेला. भाचा जगला आणि मग पत्रे लिहून नाव मिळवून बसला.

"म्हणजे मामांनी उगाच हिंडू नये," भाचा म्हणाला आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. त्याला झोप येत होती.

तर तो दिवस असा गेला. म्हापशात दोन दुकाने, पर्वरीत एक, मग साळगावकडे. सगळीकडे "संपली". एका दुकानदाराने तर 'कालच आला असता तर' हे आपले नेहमीचे गोमंतकीय सांत्वन केले. मासळी बाजार असो की बियर, आपण पोचायच्या आधीचा दिवस नेहमी भरघोस असतो. सांगोल्ड्याला पोचलो तेव्हा भाच्याने गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून नुसताच बघत राहिला. इथल्या गोवा ब्रूइंग कंपनीची 'एट फिंगर एडी' ही पहिली बियर, जिच्यामुळे त्याला हा नाद लागला.

एडी मला ठाऊक होता. ओळख नव्हती, ऐकून. येर्टवर्ड मझमानियन, आर्मेनियन आईबापांचा अमेरिकेतला मुलगा, हणजुण्याच्या हिप्पींचा म्होरक्या. दोन बोटे कमी, म्हणून ते नाव. तिथला बुधवारचा बाजार सुरू करण्याचे श्रेय त्याला देतात. २०१०मध्ये तो गेला. आमचे काका हिप्पींबद्दल जे बोलत ते इथे लिहिता येणार नाही. त्यांच्यातल्याच एकाचे नाव पुढे बाटलीवर चढेल आणि तिच्या नादाने त्यांचाच नातू पुण्याहून येईल, हे त्यांना सांगितले असते तर त्यांनी मलाच वेड्यात काढले असते.

अखेर संध्याकाळी एका आडबाजूच्या दुकानात, जिथे खते, छत्र्या आणि दारू एकत्र विकतात, तिथे धूळ खात दोन डबे सापडले. दुकानदाराला त्याचे काही नव्हते. "ही कडू लागते, गिऱ्हाईक परत आणून देतं," असे त्याने प्रामाणिकपणे बजावले. भाच्याने डबा उलटा करून बुडावरची तारीख वाचली आणि डोळे मिटले.

रात्री एक डबा फोडला. फोडला म्हणजे काय, आधी आठ फोटो. मग ग्लास धुतला, तो मामीने धुतलेला असूनही परत धुतला. मग हुंगणे. मलाही हुंगायला लावले. खोटे कशाला बोलू, वास सुरेख होता. पपनसाची साल, किंचित पिकल्या आंब्याचा चीक, मागे कुठेतरी पाऊस पडून गेल्यावरचे गवत. हे सगळे त्या हॉप्सच्या फुलांतून येते म्हणे. ही फुले थंड मुलखात होतात, बियरचा जवही गोव्यात होत नाही. मी विचारले, "मग ह्यात गोव्याचं काय रे?" तो जरा थांबला. "पाणी," म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "हवा."

पोराला शब्दात पकडल्याचा आनंद मला फार वेळ टिकवता आला नाही. कारण त्याने विचारले, "बरं, तुमचा तो हुर्राक? तो कुठे मिळतो चांगला?"

मी गप्प.

हे समजायला गोव्यात राहायला हवे. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडूच्या रसाची पहिली धार. फेणीच्या आधीची, सौम्य, पंधरा टक्क्यांच्या आसपासची. फेणी त्याच्या जवळजवळ तिप्पट. फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६मध्ये ती राज्याचे वारसा पेय झाली, ती बाटलीत बसून वर्षानुवर्षे वाट पाहते. हुर्राकाला तेवढा धीर नाही. साधारण फेब्रुवारीच्या शेवटी येतो, मेमध्ये जातो, आणि तीन-चार महिने ठेवलात तर त्याच्यातले जे काही असते ते निघून जाते. शिवाय पाणी घालणारे असतात, जुना खपवणारे असतात. म्हणून ज्याची त्याची एक भट्टी असते. आणि ती भट्टी कुठे आहे हे माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही. आमच्या शाळेत संस्कृतचे एक गुरुजी होते. तोंडात सतत सुभाषिते, पण मार्चमध्ये त्यांच्या हुर्राकाचा पत्ता विचारला की हटकून विषय बदलून मानकुराद आंब्याच्या भावावर येत.

मानकुराद! तेही एक. मोसमातला पहिला डझन हजारांच्या घरात जातो, पणजीच्या बाजारात लोक भाव विचारून नुसते हात लावून परत येतात, आणि घरी जाऊन सांगतात, 'आज बघितला.'

माझी भट्टी वाळपईच्या पुढे आहे. याहून जास्त मी इथेही लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याला नेले ते मोबाइल डॅशबोर्डच्या खणात ठेवायला लावून, नकाशात खूण करणार नाही अशी मामीची शपथ घालून. मठातल्या साधूंना हसलो होतो आदल्या सकाळी, त्याची मला वाटेत आठवण झाली.

मार्च-एप्रिलमध्ये सत्तरी तालुक्यात भट्टी शोधावी लागत नाही, नाकच नेते. बोंडू झाडावरून तोडायचे नाहीत; पिकून खाली पडलेलेच वेचायचे, बी पिळून वेगळी करायची. मग बोंडू पायांनी तुडवायचे, रस तीनेक दिवस आंबू द्यायचा. त्यात बाहेरचे काहीही घालत नाहीत, हवेतले आणि सालीवरचे जे असेल तेच काम करते. मग रस तांब्याच्या भांड्यात, खाली लाकडे, तोंड रोयणीच्या म्हणजे वारुळाच्या मातीने लिंपलेले. भट्टीवरची बाई वयाने सत्तरच्या पुढची, चुलीपुढे बसलेली. धार कुठे तोडायची, हे सांगणारे यंत्र तिच्याजवळ होते, ग्राव म्हणजे दारूची तीव्रता मोजायचे. पण ते खणात. तिने पेल्यात थोडा ओतला, हलवला, वर आलेल्या बुडबुड्यांच्या मण्यांकडे बघितले आणि मान हलवली.

"आयज ना. फाल्यां यो," ती म्हणाली.

आज नाही, उद्या ये. सकाळचा सगळा गावातल्या लग्नघरी गेला होता. भाच्याचा चेहरा म्हापशात नव्हता पडला तेवढा पडला. मी मात्र मुरलेला. बाकावर बसलो, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, यंदा मोहोर जळला का, पावणीत म्हणजे लिलावात काजूचे भाट किती महाग पडले, असे सगळे विचारून झाले. पाऊण तासाने ती आत गेली आणि पाण्याची एक जुनी प्लॅस्टिकची बाटली घेऊन आली. घरच्यासाठी ठेवलेला होता म्हणे.

तिथेच बसून प्यालो. लिंबू, मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची, वरून लिम्का, आणि तिनेच दिलेले चेपणीचे तोर, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या. भाच्याने मोबाइल खणातून आणला होताच. तो बियरची नोंद ठेवतो. आतापर्यंत नऊशेच्या वर झाल्यात. आता त्याने हुर्राक नोंदवायला घेतला. बनवणाऱ्याचे नाव काय? तिने आपले नाव सांगायला नकार दिला. प्रकार? अल्कोहोल किती? कडवटपणा? "लेबल तरी..." तो बाटली फिरवून बघू लागला. बाटलीवर खनिज पाण्याचे लेबल होते.

"तुझ्या साधूंच्या बाटलीवर तरी कुठे होतं?" मी म्हणालो.

तो हसला, पण मोबाइल खिशात ठेवला नाही. शेवटी त्याने काय लिहिले ते मला दाखवलेच नाही.

परतताना दुसरा डबा त्याने आमच्या फ्रीजमध्ये ठेवला. चोर्ल्यातून जायचे म्हणजे वाटेत दोन राज्यांचे नाके, एका डब्यासाठी जीव टांगणीला कशाला. "मामा, पुढच्या खेपेला आपण दोघं मिळून. तोवर उघडू नकोस." मीही मग त्याच्यासाठी उरलेला हुर्राक बाटलीत बंद करून त्याच्या शेजारी ठेवला. पुढच्या खेपेला.

मे गेला. जूनमध्ये त्याला सुट्टी नव्हती. दह्याचे भांडे काढताना मला रोज ते दोघे दिसत, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे. मी डब्याच्या बुडावरची तारीख वाचायला लागलो. ही असली बियर ताजी प्यायची असते, हॉप्सचा वास सगळ्यांत आधी उडतो, हे त्यानेच शिकवले होते. मी त्याला तसे कळवलेही. तो म्हणाला, "हो रे, पण शेवटचा आहे ना."

आषाढाच्या शेवटच्या रविवारी मामीने बजावले, उद्यापासून श्रावण, फ्रीजमधून ते दोन्ही बाहेर काढा. मासळीचे जेवण झाले होते. बाहेर धो धो पाऊस. मी डबा फोडला. पपनस गेले होते, आंबा गेला होता. भिजलेल्या पुठ्ठ्याच्या चवीचे काहीतरी गोडसर उरले होते. मग हुर्राक ओतला. पेला हलवून बघितला, मणी आले नाहीत.

दोन्ही मोरीत ओतली. डबा मात्र धुऊन खिडकीत ठेवला, का ते विचारू नका.

संध्याकाळी भाच्याचा फोन. "मामा, उघडलास? कशी होती?"

"वा!" मी म्हणालो.

"म्हटलं ना तुला! ऐक, डिसेंबरात दुसरी निघतेय. माणशी एकच देणार. मी येतोच, तू फक्त..."

"सकाळी किती वाजता उघडतं दुकान?" मी विचारले.

मामी आतून माझ्याकडे बघत होती.